निळकडीचं दार

मार्गशीर्ष सरत आला होता. तेरणेच्या पात्रावरून धुकं उठलं, ज्वारीच्या ताटाताटांमधून पदर सावरत निघालं, हुरड्यावर आलेल्या कणसांच्या दुधाळ गालांना गार बोटं लावत लावत सारसवाडीच्या शिवारात येऊन टेकलं. पूर्वेला आधी राखाडी, मग जांभळट, मग पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखी एकच एक लखलखीत रेघ. आणि त्या रेघेखाली रब्बीचं हिरवं साम्राज्य, दवांकित, निःस्तब्ध, श्वास रोखून बसलेलं. हरभरा घाटे धरत होता. जवसाची निळी फुलं अजून मुठी मिटून होती. करडईच्या काटेरी कळ्यांना आतून केशर ढुसण्या देत होतं.

वेळ अमावस्येचा दिवस. या मुलखात हा दिवस गावाचा नसतो, रानाचा असतो. घरांना कड्या लागतात आणि वावरावावरात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते. कोपीत पाच दगड चुन्याने न्हाऊन पांडव होऊन बसतात. आणि आंबट आंबिलाने भरलेली मातीची बिंदगी डोक्यावर घेऊन बायका बांधाबांधाने चालू लागतात. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं, आधी काळ्या आईला आणि मग माणसाला वाढायचं, असा हा सण.

मुद्रिका उठली तीच पायांत वारं घेऊन. बाजरीच्या उंड्यांचं पीठ मळताना तिचे हात चुलीपाशी होते आणि डोळे रानात. पालेभाज्यांच्या भज्जीला फोडणी पडली, तडतडली, घरभर दरवळली. ती मनातल्या मनात वांग्याच्या वावराच्या पूर्वेच्या टोकाला जाऊन गुडघ्यांवर बसलेली होती. आज दाखवायचं होतं. तीन वर्षं पोटात धरलेलं, तीन महिने ओठांआड दाबलेलं, आज चारचौघांत, लख्ख उन्हात, दाखवायचं होतं.

काय दाखवायचं होतं?

तिच्या सासऱ्यांच्या, व्यंकटतात्यांच्या, काळ्याभोर वावराच्या काठाला, जिथे वांग्याची शेवटची सरी संपते, तिथे एक वेगळं राज्य होतं. सहा हात रुंद, दोनशे हात लांब. त्याला नांगर ठाऊक नव्हता, कुळव ठाऊक नव्हता, खुरप्याचं पातं ठाऊक नव्हतं. तिथे दीपमाळेचे शेंदरी मजले एकावर एक चढलेले असत, कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे वाऱ्याशी कानगोष्टी करत, गोकर्ण निळाईचे कान टवकारून बसे, रानतुळस स्वतःच्याच गंधात गुंगून जाई. झेंडू तर काय, अंगणातून पळून आलेल्या पोरींसारखे, कुठेही, कसेही, हसत उभे. गावाने त्या राज्याला नाव ठेवलं होतं, केराची पट्टी. मुद्रिका तिला फुलपट्टी म्हणायची.

या पट्टीची गोष्ट वांग्याच्या फुलापासून सुरू होते.

मुद्रिका लग्न होऊन आली त्या साली वांगी फुलली होती अपार. जांभळी, पंचकोनी, खाली मान घातलेली फुलं, फांदीफांदीवर. आणि गळत होती. फुलत होती आणि गळत होती, सकाळी सरीत जांभळा सडा पडलेला असायचा. वांग्याच्या फुलाचं सोनं, त्याचा पराग, एका पिवळ्या कुपीत बंद असतं, कुपीच्या टोकाला सुईने टोचावं एवढंच भोक. वरवर येऊन बसणाऱ्याला ते गवसत नाही. कुणीतरी फुलाला मिठी मारून गदगदा हलवावं, तेव्हा ते पिठीसारखं भुरभुरतं. सारसवाडीच्या रानात हलवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून अनुसया, तिची थोरली जाऊ, पहाटे तुरीची काडी घेऊन सरी-सरीने फिरायची आणि फुलाफुलाला टिचकी द्यायची. टिच. टिच. टिच. धाकटीलाही तिने काडी दिली.

"आमच्या माहेरी असं न्हाई करत, अक्का," मुद्रिका म्हणाली होती.

"मग काय तुमच्या माहेरी वांगी आभाळातून पडतेत?"

माहेर बालाघाटाच्या उतारावर. तिथले बांध रुंद, आळशी, फुलांनी लगडलेले. आणि त्या बांधांच्या मातीत राहणारी एक माशी, काळ्या पोटाभोवती निळ्या कड्या ल्यालेली, वांग्याच्या फुलाला लोंबकळून असा काही सूर लावायची की फूल थरथरून उठायचं. लहानपणी मुद्रिका तिला निळकडी म्हणायची. सासरच्या शिवारात निळकडी नव्हती, कारण निळकडीला बसायला ओसरी नव्हती, निजायला माती नव्हती. इथले बांध वीतभर, तासून तासून धारेला लावलेले, उन्हाळ्यात पेटवून काळे केलेले. आणि स्वच्छ बांधावरून इथे माणसाची इभ्रत ठरायची.

तिने सासऱ्यांपाशी सहा हात रुंद जागा मागितली. फुलं पेरायला.

व्यंकटतात्या जमिनीचे माणूस. सत्तरी उलटलेली, कानांनी अर्ध्या वाटेवर साथ सोडलेली, पण ढेकूळ हातात घेऊन चुरलं की पुढच्या सालचं पीक सांगणारी बोटं अजून शाबूत. ते म्हणाले, "फुलावर येणारं पाखरू येतंय नि जातंय. आल्यागेल्यासाठी कुणी रान पडीक टाकत नसतंय, पोरी. तीन साल देतो. तीन सालांत माझ्या मातीत घर करून कुणी ऱ्हायला आलं तर दाव. दावलंस तर पट्टी तुझी, माझ्यामागं बी कुणी नांगर लावणार न्हाई. न्हाई दावलंस तर उन्हाळ्यात नांगरून वांग्याला जोडायची. बोलणं ते बोलणं."

आणि मुद्रिकेने पेरलं. घरचं कारळं, घरचे तीळ, सब्जा, झेंडू. आणि माहेरच्या माळावरून ओच्यात बांधून आणलेले कुर्डूचे काळे चकचकीत दाणे, दीपमाळेची सुकी बोंडं, गोकर्णीच्या चपट्या शेंगा, रानतुळशीचा सुगंधी भुगा. पेरता पेरता तिच्या ओठांवर ओवी आली, तिची तिलाच सुचलेली:

काळ्या गं रानामंदी, रंगाची वाट वाट,
कोण कोण येईल बाई, त्याला मी मांडिला पाट.

पहिलं वर्ष पिवळं. कारळ्याने असा काही हळदीचा उत्सव मांडला की रस्त्याने जाणारी एसटी हळू व्हायची. आले, पाहुणे आले! अंतराळात खिळा ठोकल्यासारख्या स्थिर उभ्या राहणाऱ्या इवल्या सोनेरी माश्या आल्या, पांढऱ्या फुलपाखरांचे थवे आले, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं लावणारी फुलोरी माशी आली. आणि कारळं वाळलं तसे सगळे पांगले. उरला तपकिरी काड्यांचा कचरा, आणि गावाला मिळाला विषय. शेजारचा चाँदपाशा बांधावर उभा राहून ओरडायचा, "वहिनी, या जंगलात वाघ कधी सोडलालाव?"

दुसऱ्या वर्षी पिवळं विरळलं. लोक म्हणाले, बहर ओसरला, हौस फिटली. पण पट्टी आता खाली मुळं धरत होती. दीपमाळ खांद्याला लागली, गोकर्ण तिच्या अंगावर चढली, वर्षभर काही ना काही फुललेलं राहू लागलं. आणि पाहुण्यांची जात बदलली. सातेरी मधमाशी रोजच्या वेळेला रोजच्या वाटेने येऊ लागली. दांडगा काळा भुंगा वठल्या शेवग्याच्या खोडात घर कोरू लागला. दीपमाळेच्या गेल्या सालच्या वाळल्या काड्यांत हिरव्या झाकेच्या चिमण्या माश्या राहू लागल्या. ज्या काड्यांना गाव कचरा म्हणत होतं, त्या काडी-काडीत अंगाई चालली होती.

मुद्रिका धावत सासऱ्यांकडे गेली. तात्यांनी काडी उचलली, डोळ्यांजवळ नेली, हळूच होती तिथे ठेवली.

"काडीत ऱ्हातंय ते वाऱ्यासंगं जातंय बी. मातीत कोण हाय का बोल."

मातीत कोणी नव्हतं. आणि मुद्रिकेपुढे सगळ्यांत अवघड काम होतं, काही न करण्याचं. शेतकऱ्याच्या लेकीचे हात ते. दिसलं तण की बोटं शिवशिवतात, दिसली भेग की मुठीत माती येते. ती पट्टीपाशी जायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची. खुरपायचं नाही. उकरायचं नाही. पाणी ओतायचं नाही. मातीला मातीसारखं असू द्यायचं.

तिसऱ्या वर्षी, आश्विनात, पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे चार हात जागा उघडी, टणक, उन्हाकडे तोंड करून पडलेली होती, तिथे तिला भोकं दिसली. करंगळीचं टोक जाईल एवढी. भोवती ताज्या मातीची कणी, जणू जात्याभोवती सांडलेलं पीठ. एक, चार, सतरा. ती पोटावर आडवी झाली, गाल मातीला लावला, आणि पाहिलं. भोकाच्या काळोखातून दोन टपोरे डोळे तिच्याकडे पाहत होते. क्षणभर दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग आतून सूर उठला, ओळखीचा, माहेरचा, आणि डोळ्यांवरून सुर्रकन एक निळी रेघ निघून गेली.

निळकडी! निळकडी! माझ्या दारची निळकडी!

तिने कुणाला सांगितलं नाही. तात्यांना एवढंच म्हणाली, "मामा, वेळ अमावस्येला दावते." तात्या म्हणाले, "दाव. चार लोकांत दाव." आणि तीन महिने तिने ते गुपित गरोदर बाईने डोहाळा लपवावा तसं लपवलं, रोज पाहिलं, रोज मोजलं, आणि आतल्या आत फुलत राहिली.

म्हणून आज तिच्या पायांत वारं होतं.

बिंदगी डोक्यावर, बिंदगीवर घोंगडी, कमरेला पदर खोचलेला, अशी ती बांधावरून निघाली. नवरा नरहरी मागून टोपलं घेऊन येत होता. त्याला दमच निघेना. "अगं, सण पळून चाललाय का?" तो म्हणाला. ती हसली आणि आणखी भरभर चालली. शिवारभर माणसंच माणसं. कोपीकोपीतून धूर, हाकेला हाक, लहानग्यांचा कालवा. ती पट्टीपाशी आली आणि थबकली. कुर्डूच्या एका वाळल्या काडीवर, धुक्यात, निळकड्यांचे नर निजले होते. ओळीने, एकाखाली एक, जबड्याने काडी घट्ट धरून, पाय मोकळे सोडून; जणू कुणी काळ्या मण्यांची माळ ओवून वाळत घातली होती. प्रत्येकाच्या पंखावर एकेक दवबिंदू, प्रत्येक दवबिंदूत एकेक पहाट.

आणि माद्या? माद्या आपापल्या घरात. मातीच्या उबेत. उन्हाने दार ठोठावेपर्यंत निजलेल्या.

तिने पूर्वेच्या टोकाकडे पाहिलं.

चार हातांची ती उघडी जागा आरशासारखी लखलखत होती. शेणाचं हिरवट, ओलं, एकसंध, निर्दोष सारवण; कुठे सुरकुती नाही, कुठे खडा नाही, कुठे भोक नाही. मधोमध रांगोळीचं अष्टदल कमळ. कमळाला हळद, हळदीवर कुंकू. आणि कमळाशेजारी, कोपरापर्यंत हात शेणाने माखलेली, कपाळावरचा घाम दंडाने पुसणारी, आनंदाने नुसती फुलून आलेली अनुसया.

"आलीस का माय? बघ, कसं झालंय! मामा येलालेत, चार लोकं येलालेत, म्हणलं माझ्या धाकटीच्या फुलापुढं पंगत बसली पायजे. झुंजूमुंजूपासून खपलालेय. किती बिळं पडली होती गं, मुंग्यांची का कशाची! एकूणएक बोटानं बुजवली, मग सारवलं. बोल की काहीतरी!"

मुद्रिकेच्या डोक्यावरची बिंदगी डुचमळली. आंबिलाचा एक थेंब तिच्या गालावरून ओघळला, आणि त्या थेंबामागे आणखी एक आला, तो आंबिलाचा नव्हता.

"अक्का," ती म्हणाली, "ती दारं होती."

"कुणाची गं?"

तिने सांगितलं. दोन श्वासांत, तुटक तुटक, तीन वर्षं सांगितली. अनुसयेचे शेणाचे हात हळूहळू वर आले आणि तोंडावर झाकले गेले, ओठांवर, गालांवर हिरवी बोटं उमटली.

"अगं माझे माय! आत हायत? जित्या?"

"आत हायत."

"मग मला सांगायचं न्हाईस का गं, वैरिणी!"

सांगायचं होतं. सगळ्यांना एकदम दाखवायचं होतं, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. मुद्रिकेला ते लख्ख दिसलं. दारं अनुसयेने लिंपली, पण त्या दारांवर पाटी लिहायची राहिली ती हिच्याकडून. अनुसया नखांनी शेण खरवडायला वाकली तशी मुद्रिकेने तिचं मनगट धरलं. खरवडलं तर माती आत पडेल, बीळ ढासळेल. वाळू दिलं तर पापडी घट्ट होईल. मग?

"ओलं ठेवायचं, अक्का. नुसतं ओलं. मऊ राहील. बाकीचं त्यांचं त्या करतील."

आणि दोन जावा, एक शेणाने माखलेली, एक आसवांनी, तुरीचा डहाळा पाण्यात बुडवून त्या आरशावर शिंपू लागल्या. जसं नवरीवर शिंपावं तसं. जसं बाळाच्या टाळूवर शिंपावं तसं. थेंब. थेंब. थेंब.

धुकं विरलं. ऊन शेवग्याच्या शेंड्यावर आलं, दीपमाळेच्या पहिल्या मजल्यावर उतरलं. आणि बांधावरून व्यंकटतात्या आले, पांढरं धोतर, पांढरा फेटा, हातात काठी. सोबत चाँदपाशा आणि जेवायला हाक मारलेली दहाबारा माणसं.

"कुठं हायत तुझे ऱ्हाणारे?" तात्यांनी विचारलं.

"आत हायत, मामा."

"मग बोलीव की भाईर. आंबील पिऊ द्या."

हशा पिकला. अनुसया पुढे आली. तिची मान वर होती. "मामा, चूक माझी हाय. तिनं घरं राखली, मी पोतारा घातला. हिला बोल लावू नका."

"म्हंजे घरवाल्यांसकट घर सारवलंस?"

"अनुसयाबाईचा हातच तसा," चाँदपाशा म्हणाला, "इतका झकास पोतारा, की दार कुठं नि भिंत कुठं, घरवाल्याला बी कळंना!"

पुन्हा हशा. पण तात्या हसले नाहीत. त्यांनी त्या लखलखत्या चौकोनाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग वर उन्हाकडे. "पांडवांची पूजा व्हायला घटकाभर हाय," ते म्हणाले. "तवर थांबतो. पूजा झाली की जेवणं, जेवणं झाली की जो तो आपल्या वाटंनं. चार लोकांत दावते म्हणलीस. चार लोकं आलीत. म्या शब्द फिरवणार न्हाई, तू बी फिरवू नको."

घटकाभर. वांग्याच्या फुलांवरून ऊन सरकत आलं. दव उडालं. काडीवरच्या काळ्या माळेत हालचाल झाली. पहिल्या नराने जबडा सोडला, पाय झाडले, पंख थरथरवले. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. माळ तुटली, मणी उधळले. आणि ते सगळे मणी, सुर्र सुर्र निळ्या रेघा ओढत, थेट आले सारवलेल्या जागेवर. तिथे थबकले. घिरट्या घालू लागले. कमळाच्या पाकळीवर उतरायचे, उठायचे, पुन्हा उतरायचे. गल्ली तीच, घर हरवलेलं.

"मामा, बघा, ते त्यांनाच हुडकलालेत!"

"हे तर उडणारं हाय," तात्या म्हणाले. "उडणारं मला ठाऊक हाय."

थेंब. थेंब. डहाळा ओला, हात ओले, डोळे ओले. कोपीकडे नरहरीने नारळ फोडायला घेतला आणि तसाच हातात धरून इकडे येऊन उभा राहिला. आंबिलावर माश्या घोंगावल्या. कुणी हाकललं नाही. माणसं एकेक पाऊल पुढे येत होती, हसणारी गप्प झाली होती, गप्प असलेली वाकली होती. दूरच्या वावरांतून सणाचा गजर उठत होता आणि या वावरात इतकी शांतता होती, की ओल्या शेणात ऊन मुरण्याचाही आवाज यावा.

आणि मग कमळाच्या देठापाशी, पाकळी जिथे पाकळीला भेटते तिथे, शेणावर एक फोड आला.

मोहरीएवढा. मग ज्वारीएवढा. मग फोडावर केसाएवढी चीर. चिरेतून एक ओला कण बाहेर ढकलला गेला, गडगडला, कुंकवात माखून थांबला. दुसरा कण. तिसरा. मग काहीच नाही. मग चिरेच्या कडेवर एक काळा, केसाळ, इवला हात आला. हो, हातच! त्याने कड चाचपली, पकडली, जोर केला. आणि शेणाचा पापुद्रा दाराच्या कवाडासारखा मागे पडला, आणि रांगोळीने पांढरं झालेलं कपाळ घेऊन, हळदीने पिवळे झालेले खांदे घेऊन, ती वर आली.

निळकडी.

ती उंबऱ्यावर बसली. पुढच्या पायांनी तोंड पुसलं. मागच्या पायांनी पंख झटकले. एवढी चार लोकं जमलेली. तिने कुणाकडेही पाहिलं नाही. उन्हाने तिच्या पोटावरच्या कड्या एक एक करून पेटवल्या, पहिली निळी, दुसरी निळी, तिसरी निळी. जवसाहून निळी, मोरपिसाहून निळी, पावसाने धुतलेल्या आभाळाच्या गाभ्याहून निळी.

"आली!" अनुसया किंचाळली. "अगं आली माय, आली!"

आणि मग कमळ उमललं. खरंखुरं उमललं! पाकळीपाकळीतून फोड उठले, चिरा पडल्या, कवाडं उघडली. दुसरी आली, चौथी आली. ही कुंकवाने लाल, ती हळदीने पिवळी, ती नुसती शेणाने हिरवी आणि रागाने गुणगुणणारी. अनुसया टाळ्या वाजवत मोजत होती, हसत होती, रडत होती, मोजता मोजता चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. "नऊ! दहा! ती बघा, ती बघा कोपऱ्यातली! अगं, माझ्या बोटानं बुजवलेली गं ही, हीच ती!" चाँदपाशा टोपी काढून गुडघ्यांवर बसला होता. म्हातारी माणसं पोरांसारखी रांगत होती. नर उतरत होते, माद्या उडत होत्या, हवेत निळ्या रेघांची जाळी विणली जात होती, तुटत होती, पुन्हा विणली जात होती, आणि सगळ्या वावरावर एकच एक सूर भरून राहिला होता, गूंऽऽ, गूंऽऽ, मातीचाच कंठ फुटल्यासारखा.

सगळी दारं उघडली नाहीत. दोनतीन ठिकाणी शेण तसंच सपाट राहिलं; मुद्रिकेने ती ठिकाणं पाहिली, आणि मनात ठेवली.

तात्यांना सूर ऐकू येत नव्हता. ते वाकून एकीच्या मागे चालले होते. ती वांग्याच्या पहिल्या सरीत शिरली, खाली मान घातलेल्या एका जांभळ्या फुलाला खालून बिलगली, जबड्याने पिवळी कुपी धरली, अंगाची मूठ केली. मुद्रिका धावत मागून आली. "मामा, देठाला हात लावा. हळू."

म्हाताऱ्याने दोन बोटं पुढे केली. नांगराच्या रुमण्याने घट्टे पडलेली, ढेकळांनी रापलेली, सत्तर पावसाळ्यांची बोटं. ती देठाला टेकली.

आणि देठ थरथरला.

थरथर बोटांत आली, बोटांतून मनगटात, मनगटातून आणखी कुठे कुठे. कुपीच्या टोकातून सोन्याची पिठी भुरभुरली, निळकडीच्या छातीवर, पानावर, म्हाताऱ्याच्या नखावर. ती दुसऱ्या फुलावर गेली. तात्यांची बोटं दुसऱ्या देठावर. ती तिसऱ्यावर, ते तिसऱ्यावर. किती वेळ, कोण जाणे. पूजेची घटका टळून गेली आणि पांडव चुन्याच्या डोळ्यांनी मुकाट पाहत राहिले.

मग तात्या परत आले. पट्टीच्या टोकाशी, त्या फुटलेल्या, भेगाळलेल्या, निम्म्या उधळलेल्या कमळाच्या काठाशी उभे राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मुद्रिका मातीकडे पाहत होती.

त्यांनी काठी बगलेत धरली. आधाराला नरहरीचा खांदा धरला. आणि एक पाय उचलून चप्पल काढली, दुसरा उचलून दुसरी काढली, दोन्ही चपला जोडीने, कडेला, तोंडं बाहेर करून ठेवल्या. जशा कुणाच्या भरल्या घरात जाताना दाराबाहेर ठेवतात तशा.

"नरहरी," ते म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला सांग, इथून वळायचं."

आणि अनवाणी पायांनी, ओल्या मातीवर, दारं चुकवत चुकवत, हळूच आत गेले.

चाँदपाशाने आपल्या वहाणा काढल्या, त्यांच्या शेजारी ठेवल्या. मग अनुसयेने. मग नरहरीने, मग हाक मारून आणलेल्या वाटसरूने, मग एकेकाने. वर निळा सूर भरून आला होता, ऊन माथ्यावर चढत होतं, आणि फुलांच्या काठाला, मातीच्या त्या इवल्याशा दारांपुढे, जोड्याशेजारी जोडा, जोड्याशेजारी जोडा, चपलांची रांग लागत गेली, लागत गेली, लागत गेली.